उजनीकाठचं पक्षिमंडळ, दरमहाची मोजणी आणि सभासदांचं पत्रक (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माळटिटवी

नमस्कार मंडळी. भिगवण-इंदापूर पट्ट्यात पक्षिनिरीक्षण मंडळ उभं करायचं चाललं आहे. सध्या ३५ जण आहेत. त्यांतले पाच-सहा जाणते, बाकी नवखे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फेरी आणि सभासदांसाठी २० पानी रंगीत मासिक पत्रक, असा बेत आहे. विचारायचं ते असं :

फेरीत नेमकं काय केलं म्हणजे वर्षअखेरीस हाती काही उरेल? पत्रक किती पानांचं, किती दिवसांनी, छापील की पीडीएफ? संस्थेची नोंदणी लगेच करावी का? घरट्यांची माहिती छापावी का?

फोटोंचा अल्बम काढायचा नाही. ते काम फोनवर रोज होतंच.

थापट्या

माळटिटवीताई, आधी फेरीचं बघू. पत्रकात काय येणार ते फेरीवरच ठरतं.

दर महिन्याला नवी जागा दाखवली की लोक खूश होतात, पण वर्षाच्या शेवटी बारा जागांच्या बारा याद्या उरतात आणि कुठलीच दुसरीशी ताडून बघता येत नाही. म्हणून एक वाट कायमची धरा. दीड-दोन किलोमीटरची, जिच्यावर पाणी, गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी), ऊस आणि बाभळी असं सगळं थोडं थोडं लागेल. हौसेच्या सहली वेगळ्या रविवारी काढा. मोजणीचा रविवार आणि वाट मात्र हलवू नका.

वाटेवर चार-पाच थांबे ठरवा. थांब्याची खूण पाण्याच्या कडेची कधीच घेऊ नये. उजनी धरणाच्या फुगवट्यात पाण्याची कड ऑक्टोबर ते मे या काळात शेकडो मीटर मागे सरकते. देऊळ, पूल, विजेचा खांब, जुनं चिंचेचं झाड अशी न हलणारी खूण घ्या आणि थांब्यांना क्रमांक द्या. प्रत्येक थांब्यावर मोजून १० मिनिटं. सूर्योदयाला सुरुवात आणि दोन तासांत शेवट.

उन्हाची दिशा विसरू नका. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघितलं तर सूर्य पाठीशी राहतो आणि रंग दिसतात. उलट काठावर उभं राहिलात तर सगळी बदकं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतील आणि तलवार बदक कुठलं, थापट्या बदक कुठलं, हे ठरवण्यात वेळ जाईल.

३५ जणांचा एक घोळका करू नका. १० ते १२ जणांचे तीन गट, प्रत्येकात किमान एक जाणता. गटात तीन कामं नेमून द्यायची : मोजणारा, लिहिणारा, वेळ बघणारा. ज्यानं डोळ्याला दुर्बीण लावली आहे त्यानं लिहायचं नाही. लिहायला मान खाली घातली की थवा हलतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. नवख्यांना लिहिणाऱ्याचं काम द्या, नावं आपोआप पाठ होतात. तीन गट असले तरी मोजणीच्या वाटेवर एकच गट जाईल. बाकीचे दोन दुसऱ्या ठरलेल्या वाटांवर, नाहीतर तेच पक्षी तीनदा मोजले जातील.

कागदावर एवढं हवंच : तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, चाललेलं अंतर, माणसं किती, ढग-वारा-धुकं आणि पाणीपातळी. शेवटची गोष्ट बहुतेक मंडळं लिहीत नाहीत. तुमच्याकडे तर तिच्याशिवाय आकड्याला अर्थच नाही. उजनीचा उपयुक्त साठा उन्हाळ्यात संपून वजा टक्क्यांत जातो हे तुम्ही जाणताच. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेल्या खोल पाण्यात वारकरी पक्षी आणि बदकं असतात. तेच पाणी उतरून गाळ उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, तुतवार आणि चिखले असे गाळात चरणारे पक्षी येतात. एखाद्या फेब्रुवारीत शेकाटे निम्म्यावर आले, तर ते खरंच घटले की यंदा पाणी जास्त राहिल्यानं गाळ उघडाच पडला नाही? साठ्याची टक्केवारी आकड्यांशेजारी छापली तर वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. धरणाचा साठा रोज जाहीर होतो, फेरीच्या दिवशीचा आकडा टिपून ठेवा.

धाविक

थापट्यांच्या म्हणण्यात मोठ्या थव्यांच्या मोजणीची भर घालतो. नवख्यांचा सगळा गोंधळ तिथेच होतो.

थव्याच्या एका टोकाचे १० पक्षी एकेक करून मोजा. तेवढ्या १० पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा. मग तेवढेच तुकडे पुढे सरकवत जा : १०, २०, ३०. थवा हजाराच्या घरात असेल तर आधी १० चे तुकडे जोडून १०० चा तुकडा ठरवा आणि तो पुढे सरकवा. थवा दाट असेल तिथे तुकडा आकुंचन पावतो, विरळ असेल तिथे पसरतो. हे लक्षात न घेता एकाच मापाचा तुकडा सगळीकडे लावला की दाट भागात आकडा कमी येतो. हाताला सवय व्हावी म्हणून फेरीच्या आदल्या आठवड्यात थव्याचे फोटो गटावर टाकावेत. प्रत्येकानं पाच सेकंद बघून अंदाज सांगायचा, मग फोटोवर टिंबं मारून खरा आकडा काढायचा. न शिकलेला माणूस जवळपास नेहमीच कमी मोजतो.

दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडा सांगायच्या आधी कागदावर लिहावा. पहिल्यानं मोठ्यानं "चारशे" म्हटलं की दुसऱ्यालाही चारशेच दिसतात. दोघांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. सरासरी काढायची नाही.

बोटीवरून मोजणी करू नका. बोट पुढे गेली की पक्षी उडून पुढच्या थांब्यावर बसतात आणि तिथे पुन्हा मोजले जातात. त्याहून वाईट म्हणजे चरणाऱ्या रोहितांना दर बोटीमागे उडावं लागतं. दिवसभर गाळातून वेचलेलं अन्न अशा उड्डाणांतच खर्च होतं. मंडळाचे सभासद बोटीनं फिरायला गेले तरी थव्यापासून लांब इंजिन बंद करायला नावाड्याला आधीच सांगायचं, असा लेखी नियम करा. नावाडी ऐकतात. गिऱ्हाईक "जवळ घ्या" म्हणतं म्हणून ते जवळ घेतात.

चातक

दुर्बिणींचं काय करावं? ३५ जणांत सहाच दुर्बिणी असतील तर नवख्यांना निम्मा वेळ काहीच दिसत नाही. मंडळानं घ्याव्यात का?

वेडाराघू

घ्याव्यात. वर्गणीतून पहिली मोठी खरेदी हीच करा. ८×४२ मापाच्या तीन. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि नजरेचा घेर कमी होतो. नवख्याला फांदीवरचा शिंपी पक्षी सापडतच नाही. ८ आणि ४२ चा अर्थ सभासदांना एकदा समजावून सांगा : आठपट मोठं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चालते. खिशातली ८×२१ त्या वेळी काळोखी वाटते ती याचमुळे.

हातात दिल्यावर लगेच "तो बघा" म्हणू नका. आधी दोन मिनिटं बसवून घ्या. दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ-लांब करायच्या, म्हणजे दोन वर्तुळांचं एक होतं. मग उजव्या बाजूचं पुढचं भिंग हातानं झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. नंतर डावं झाकून उजव्या डोळ्याकडची छोटी कडी फिरवायची. ही कडी प्रत्येकाची वेगळी बसते, म्हणून दुर्बीण हातोहात फिरली की दुसऱ्याला धूसर दिसतं आणि तो "माझे डोळेच अधू" असं समजून गप्प बसतो. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्याकडची रबरी कड आत दाबून वापरायची. विकत घेताना डोळा मागे किती अंतरावर ठेवता येतो ते बघा, चष्मेवाल्यांना १५ मिलिमीटरच्या वर लागतं.

मोठी तिकाटण्यावरची दुर्बीण पुढे-मागे घ्यालच. तिचं ६० पट मोठं करणारं टोक दहा वाजल्यानंतर कामाचं नसतं. पाण्यावरून तापलेली हवा वर चढते आणि सगळं थरथरतं. तेव्हा २०-३० वरच ठेवा.

पावसाळ्यात भिंगात बुरशी धरते. चामडी पिशवीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते ओलावले. मग सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. नारिंगी दाणे आणलेले बरे.

नदीसुरय

नोंदी ई-बर्डवर (पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर) चढवायच्या की स्वतःच्या वहीत, हा प्रश्न येणारच. माझं मत दोन्हीकडे. वही मंडळाची, आणि ई-बर्डमुळे तुमची नोंद बाहेरच्या अभ्यासकाला सापडते.

ई-बर्डवर तीन चुका हमखास होतात. एक, एकाच गटातले पाच जण आपापल्या फोनवरून वेगवेगळी यादी पाठवतात आणि तेच ४०० शेकाटे पाचदा नोंदले जातात. एकानंच यादी करायची आणि बाकीच्यांना "शेअर" करायची. मग प्रत्येकानं आपल्याला न दिसलेले पक्षी आपल्या प्रतीतून काढायचे. दोन, "पूर्ण यादी का?" या प्रश्नाला फक्त खास पक्षी टिपलेले असताना "हो" म्हणायचं. पूर्ण म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, कावळा-चिमणी-साळुंकीसकट. पूर्ण यादीत नसलेला पक्षी "शोधला पण नव्हता" असा धरला जातो, म्हणून खोटं "हो" फार नुकसान करतं. तीन, अंतर. त्याच वाटेनं परत आलात तर एकेरीच अंतर लिहायचं. आणि भिगवण ते पळसदेव गाडीनं फिरून एकच यादी करू नका. लहान यादी जागेला घट्ट धरून असते, दीड-दोन किलोमीटरची उत्तम.

आकड्याच्या जागी फुली मारू नका. अंदाज असला तरी आकडा द्या.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची परसदारची पक्षिगणना येते. तुमची कायमची वाट या दोन्हींत तशीच वापरता येईल, वेगळं काही उभारायला नको.

पिंगळा

ओळखीच्या नोंदींबद्दल. मंडळं फुटतात ती पैशावरून कमी आणि "मला दिसला" यावरून जास्त.

तीन जणांची नोंद समिती नेमा. नेहमीच्या पक्ष्यांना तिची गरज नाही. तालुक्यात पहिल्यांदाच दिसलेला, हंगामाबाहेर दिसलेला किंवा ओळखायला अवघड असलेला पक्षी तेवढाच समितीकडे जावा. कागदावर विचारायचं ते असं : शेजारच्या कुठल्या ओळखीच्या पक्ष्याएवढा होता, चोच, पाय, उडताना पंखांवर आणि शेपटीवर काय दिसलं, आवाज, उजेड कुठून होता, अंतर किती, किती वेळ बघितला, सोबत आणखी कोणी होतं का. पुस्तक उघडायच्या आधी लिहायचं. पुस्तक बघून लिहिलेलं वर्णन नेहमी पुस्तकाशी जुळतंच. समितीपुढे कागद जाताना पाठवणाऱ्याचं नाव काढून टाका.

निकालाचे शब्द जपून ठरवा. "स्वीकारली" आणि "माहिती अपुरी" हे दोनच. "चूक" हा शब्द वापरला की तो सभासद पुन्हा नोंद पाठवत नाही, आणि पुढच्या वेळी त्याचीच नोंद बरोबर असू शकते.

"बगळा, जात ठरली नाही" असं लिहिण्यात कमीपणा नाही, हे पत्रकात वारंवार छापा. तुमच्याकडे मध्यम आणि मोठ्या बगळ्याची गल्लत सगळ्यात जास्त होईल. उंचीवर जाऊ नका, एकटा उभा असला की उंची फसवते. जबड्याची रेघ (चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी) बघा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. गाळात पंजे बुडालेले असतील तर तो उडेपर्यंत थांबा.

शेकाट्या

आता पत्रक. २० पानी रंगीत मासिकाचा विचार आत्ताच सोडा. पहिला अंक उत्साहात निघतो, तिसऱ्याला मजकूर जुळत नाही, पाचवा दोन महिने उशिरा येतो आणि सहावा येतच नाही. मोजणी दरमहा ठेवा, पत्रक दोन महिन्यांनी काढा. ए-५ आकाराची आठ पानं, म्हणजे ए-४ चे दोन कागद दुमडून मधोमध दोन पिना. एका पानावर बारा टाइपात साधारण २०० ते २५० शब्द बसतात. तक्ते आणि चित्रं वजा जाता पूर्ण अंकाला हजार-बाराशे शब्द लागतात. एवढं सहा जण सहज लिहू शकतात.

पान १ वर मोठा फोटो देऊ नका, तिथे मोजणीचा तक्ता येऊ द्या. रकाने असे : पक्षी, या महिन्याचा आकडा, गेल्या वर्षी याच महिन्याचा आकडा, थांबा क्रमांक, शेरा. वर फेरीची वेळ, माणसं आणि धरणाचा साठा. दोन खुणांमध्ये कधीच घोळ करू नका : "०" म्हणजे शोधला, मिळाला नाही. आडवी रेघ म्हणजे त्या महिन्यात मोजणीच झाली नाही. शून्य छापायला संपादक कचरतात, "काही नाही तर लिहायचं कशाला" म्हणून ओळच काढून टाकतात. दहा वर्षांनी चक्रवाक कधीपासून यायचे थांबले हे सांगणारी तीच ओळ असते.

माणसांची संख्या छापण्याचं कारणही सभासदांना सांगा. पाच जणांनी ४८ जाती नोंदल्या आणि पंधरा जणांनी ६१, तर पक्षी वाढलेले नसतात, डोळे वाढलेले असतात.

बाकी पानांवर : एका जातीची ओळख, तीही "दोन सारख्या दिसणाऱ्यांतला फरक" अशा रूपात (३०० ते ४०० शब्द). पुढच्या दोन महिन्यांत काय बघायचं. समितीनं स्वीकारलेल्या नोंदी. फेऱ्यांचं वेळापत्रक, भेटण्याची जागा आणि आणीबाणीचा नंबर. वर्गणी-खर्चाचा चार ओळींचा हिशोब दर अंकात द्या. सत्काराच्या बातम्यांना दोन ओळींच्या वर जागा देऊ नका.

वेळेचं गणित फेरीला बांधा. सम महिन्यात पहिल्या रविवारी फेरी. बुधवारपर्यंत तक्ता भरून एकाकडे. त्या बुधवारी रात्री लेखही बंद. रविवारी जुळणी, मंगळवारी दुसऱ्या माणसाकडून प्रूफ, त्याच आठवड्यात अंक बाहेर. उशिरा आलेला लेख पुढच्या अंकात जाईल, मग तो अध्यक्षांचा असो. आणि दोन "कधीही चालणारे" लेख नेहमी हाताशी ठेवा, एखाद्यानं शब्द पाळला नाही तर पान मोकळं पडत नाही.

बोरू

जुळणी आणि छपाईबद्दल थोडं.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. पुष्कळ छापखान्यांत अजून पेजमेकर आणि जुने फाँट चालतात. तिथे युनिकोड मजकूर दिला की तो रूपांतरित करावा लागतो आणि त्यात जोडाक्षरं तुटतात. तुम्हीच पूर्ण जुळणी करून, फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि "यात काही बदलू नका" म्हणून सांगा. स्क्रायबस हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची १.६ आवृत्ती देवनागरी नीट दाखवते. इनडिझाइनमध्ये काम करणार असाल तर परिच्छेदाच्या खिडकीतून "वर्ल्ड-रेडी कंपोझर" निवडा, नाहीतर वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जातात. लिब्रेऑफिसही चालेल, मात्र मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. भाषा हिंदी राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मुक्ता किंवा यशोमुद्रा हे फाँट मुक्तपणे मिळतात आणि लहान आकारातही वाचायला सुखाचे आहेत.

प्रूफ बघताना दोन गोष्टी मुद्दाम शोधा. "किनाऱ्यावर", "दुसऱ्या", "चाऱ्यासाठी" यांतला अर्धा र. नुसता र वापरून टंकला की "किनार्यावर" होतं. ऱ वापरून, मग हलन्त, मग य असं टंकावं. आणि "पक्ष्यांची गणना". "पक्षांची" लिहिलं तर ती राजकीय पक्षांची होते. समासात पहिला शब्द ऱ्हस्व : पक्षिगणना, पक्षिमित्र, पक्षिनिरीक्षण. सुटा असताना दीर्घ : पक्षी.

नावांची एक यादी पहिल्या अंकाआधीच ठरवा. शराटी कुठे अवाक असतो, कुठे कुदळ्या. खंड्या म्हणताना कोणी पांढऱ्या छातीचा म्हणतो, कोणी छोटा निळा धीवर. तक्त्यात एकच नाव यावं. गावातलं नाव मिळालं तर ते शेऱ्यात जरूर द्या, कुठल्या गावात ऐकलं त्यासह. अशी नावं टिपणारं तालुक्यात दुसरं कोणी नाही.

पान जुळवताना : आठ पानी अंकात एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी ९. पहिल्या कागदावर ८ आणि १, त्याच्या मागे २ आणि ७. दुसऱ्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवा. ४०-५० प्रती झेरॉक्सवर निघतात. बाजूला दोन रुपये धरले तर चार बाजूंचे आठ रुपये एका अंकाला. झेरॉक्सवर फोटो डागाळतात, करड्या छटा काळ्या होतात. तिथे काळ्या शाईची रेखाचित्रं घ्या, वटवट्याच्या भुवईची रेघ फोटोपेक्षा चित्रात स्पष्ट येते.

फोटो घ्यायचाच तर ए-५ च्या पूर्ण रुंदीला ३०० ठिपक्यांच्या हिशोबानं सुमारे १७५० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो. "डॉक्युमेंट" म्हणून किंवा ई-मेलनं मागवा.

माळटिटवी

फार उपयोगी माहिती मिळते आहे, सगळ्यांचे आभार. २० पानांचा विचार सोडला. वाटपाबद्दल आणि नोंदणीबद्दल कोणी सांगेल का? घरट्यांचा प्रश्नही राहिला आहे.

हिशोबनीस

वाटप : फोनवर वाचणाऱ्यांना ए-५ ची पीडीएफच बरी, ए-४ दोन रकानी पान फोनवर सारखं सरकवावं लागतं. ५ एमबीच्या आत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेलं फक्त त्यांनाच पोचतं ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे. "अंक आलाच नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. ई-मेलनं पाठवताना सगळे पत्ते लपवलेल्या प्रतीच्या (बीसीसी) रकान्यात टाका, सभासदांचे पत्ते एकमेकांना दिसू नयेत. छापील प्रती ज्येष्ठांना, शाळांना, ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या वाचनालयाला द्या. वाचनालयात बांधून ठेवलेला संच संगणक बिघडला तरी राहतो.

छापील आणि नियमित निघणाऱ्या नियतकालिकांसाठी १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. त्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी छापणारी नियतकालिकं येतात, शास्त्रीय नियतकालिकं वगळली आहेत. तुमचं पत्रक मोजणी आणि ओळख एवढ्यापुरतं ठेवा, "फक्त सभासदांसाठी" असं छापा आणि स्थानिक घडामोडींवर अग्रलेख लिहायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.

संस्थेची नोंदणी पहिल्या वर्षी नको. १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. ती झाली की दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. हा अर्ज राहून जातो. मग बऱ्याच वर्षांनी बँकेत सह्या बदलायला गेलं की कागदोपत्री जुनीच कार्यकारिणी निघते. वर्षभर फेऱ्या नीट झाल्या आणि देणगी किंवा अनुदान घ्यायची वेळ आली, तर करा. तोवर दोघांच्या सहीचं खातं आणि पावतीपुस्तक पुरे. वर्गणीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असंच ठेवा. लोक ऑक्टोबरनंतर जास्त येतात, त्यांच्याकडून निम्मी घ्या.

पिंगळा

घरटी. माझ्या मते अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याचा फोटोही नको आणि जागाही नको, कुठल्याच जातीची.

कारण समजून घ्या. नदी सुरय आणि टिटव्या उघड्यावर अंडी घालतात. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. पक्षी अंड्यांवर सावली धरतो, पोटाची पिसं भिजवून आणतो. माणूस जवळ उभा राहिला की तो उठतो आणि तापलेल्या वाळूत अंडी थोड्या वेळात शिजतात. फोटो काढणाऱ्याला "काहीच केलं नाही" असं वाटतं. शिवाय माणसाच्या पायवाटेनं मागून कुत्री जातात.

घुबडांची बसायची झाडं दिवाळीच्या आधी तर तोंडीही सांगू नका. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात. पत्रकात "तालुक्यात नोंद" एवढंच. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश लपून जातात, पीडीएफसोबत मूळ फोटो वाटत असाल तर ती माहिती काढून टाका. ई-बर्ड काही संवेदनशील जातींची जागा आपोआप झाकतं, सगळ्यांची नाही.

चित्रबलाकांच्या वसाहतीसारखं सगळ्यांना माहीत असलेलं सारंगागार (पाणपक्ष्यांची एकत्र विणीची जागा) असेल तर नाव लपवून उपयोग नाही. तिथे अंतराचा नियम आणि थांबायची जागा छापा. भादलवाडीच्या तळ्यासारख्या जागी काठावरून मोठ्या दुर्बिणीनं घरटी मोजता येतात. झाडाखाली जायचं कारण नाही. मोजायचं ते पक्षी नव्हे, व्यापलेली घरटी. दर पंधरवड्याला, त्याच जागेवरून.

फेरीत पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणं बंद ठेवा. विणीच्या काळात नर हद्द राखायला धावत येतो, घरटं मागे उघडं पडतं.

वेडाराघू

जखमी पक्षी सापडला की सभासद घाबरून चोचीत पाणी ओततात, ते श्वासनळीत जाऊन पक्षी मरतो. दर अंकाच्या मागच्या पानावर चार ओळी कायम ठेवा : भोकं पाडलेलं खोकं, आत जुनं सुती कापड, अंधार आणि शांतता. पाणी-खाणं काही द्यायचं नाही. वनविभागाची मदतवाहिनी १९२६. संक्रांतीच्या अंकात मांज्याबद्दल दोन ओळी जास्त : पंखाला गुंडाळलेला दोरा ओढायचा नाही, दोन्हीकडून कापायचा आणि पंख अंगाशी धरून खोक्यात ठेवायचा.

माळटिटवी

घरट्यांचा नियम तसाच घेते. शेवटचा प्रश्न : सुरुवात कुठल्या महिन्यात करावी?

थापट्या

मोजणी सप्टेंबरपासून. तेव्हा धोबी पक्षी यायला लागलेले असतात, बाकीचे पाहुणे येण्याआधीचा आकडा हाती राहतो आणि ऑक्टोबरात नवखे सभासद येतील तोवर थांबे पक्के होतात. पहिलं पत्रक नोव्हेंबरात काढा. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षिसप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जयंतीपासून सालिम अलींच्या जयंतीपर्यंत. शाळा त्या आठवड्यात माणसं शोधतच असतात. त्या अंकापुरती सम महिन्याची आणि पहिल्या रविवारची अट सैल करा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन महिन्यांचे आकडे छापा. "गेल्या वर्षीचा आकडा" हा रकाना तेव्हा रिकामा असेल. तो काढून टाकू नका, रेघ मारून तसाच ठेवा.

आणि सप्टेंबरच्या आधी एकदा दोघा-तिघांनी वाट घड्याळ लावून चालून बघा. पावसाळ्यात गाळपेरीच्या बाजूला चिखलात गुडघाभर पाय जातो, चौथ्या थांब्याला पोचता येतं का ते आत्ताच कळेल.

माळटिटवी

या रविवारी चालून बघतो. थांब्यांची यादी आणि नोंदीच्या कागदाचा कच्चा नमुना इथेच टाकते, रकाने कमी-जास्त सुचवा.